जुनी जॅग्वार एक्सजे घ्यायची तर आधी कुठे बघायचं

एक्सजे बघायला जाताना जुने कपडे घाला, सोबत टॉर्च आणि छोटं लोहचुंबक ठेवा. विकणारा बॉनेट उघडायच्या घाईत असेल, त्याला थांबवा. ४.२ लिटरचं एक्सके इंजिन वेळच्या वेळी ऑइल बदललं असेल तर दणकट असतं. ही गाडी मरते ती पत्र्याच्या गंजाने.

जुन्या एक्सजेच्या तीन सिरीज, म्हणजे पिढ्या; त्या ओळखणं सोपं आहे. १९६८ ची पहिली, जॅग्वारचे संस्थापक सर विल्यम लायन्स यांच्या हातची शेवटची सलून (सेडान): पुढची जाळी उंच, बंपर खाली. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या नियमांमुळे पुढचा बंपर वर चढला, जाळी आखूड झाली, ती दुसरी. १९७९ ची तिसरी पिनिनफारिना या इटालियन डिझाइन कंपनीने सुधारली: छत मागे उंच, पुढच्या दारातली तिकोनी काच गायब. मी इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीत राहते, जिथे ब्राउन्स लेनच्या कारखान्यात या गाड्या बनल्या, आणि माझा जीव पहिलीवर आहे. वापरायला मात्र तिसरी घ्या. २.८ लिटर इंजिनाच्या गाडीच्या वाटेला जाऊ नका, तिच्या पिस्टनला भोकं पडायची.

आता गुडघे टेका. मागच्या चाकाच्या पुढे, सिल (दारांखालची पत्र्याची पट्टी) संपते तिथे रेडियस आर्म, म्हणजे मागचं सस्पेन्शन धरणारा दांडा, बॉडीला बोल्टने धरलेला असतो. तिथला पत्रा अंगठ्याने जोरात दाबा. जरा जरी दबला तर वेल्डिंगचं काम मोठं आहे. मग हेडलाइटच्या भोवती, मागच्या चाकांच्या कमानींवर, पुढच्या काचेखाली चुंबक फिरवा. चिकटत नसेल तिथे लांबी (पुट्टी) भरून वर रंग चढवलेला आहे.

पेट्रोलच्या टाक्या दोन, मागच्या दोन्ही मडगार्डांत एकेक. डॅशबोर्डवरचं बटण दाबून दोन्हींवर गाडी चालवून बघा, नंतर डिकी उघडून वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर टाकी गंजलेली असण्याची शक्यता धरा. इंजिन गरम असताना ३००० आरपीएमला ऑइल प्रेशर दर चौरस इंचाला ४० पौंडांच्या (पीएसआय) आसपास हवं.

मागचे डिस्क ब्रेक चाकांजवळ नसतात, आत डिफरन्शियलला, म्हणजे मागच्या चाकांच्या मधल्या गिअरपेटीला, लागून असतात. हात पोचत नाही, म्हणून कित्येक मालक वर्षानुवर्षं तिकडे फिरकतच नाहीत. या ब्रेकच्या कामाची पावती मागा. नसेल तर त्याची मजुरी किमतीतून वजा करायला सांगा, संकोच करू नका.