वॉशिंग मशीन घेताना आधी त्याची पाठ बघा

मी सांगलीत वॉशिंग मशीन दुरुस्तीचं काम करतो. गावभाग, विश्रामबाग, कुपवाड, मिरज, सगळीकडं जाणं असतं. घर कुठलंही असो, एक प्रश्न ठरलेला: "आईंचं जुनं मशीन वीस वर्षं चाललं, आमचं पाच वर्षांत कसं गेलं ओ?" प्रश्न रास्त आहे. नवी मशीनं धुतात चांगली आणि पाणीही कमी घेतात. पण बिघडली की त्यातली बरीचशी उघडता येत नाहीत, आणि पाचशे रुपयांच्या भागापायी हजारोंचा खर्च पडतो. मशीन घ्यायच्या आधी काय बघायचं आणि घेतल्यावर ते कसं टिकवायचं, ते सांगतो.

जुन्या दोन टबांच्या सेमी ऑटोमॅटिकची पाठ उघडली की सगळं समोर दिसतं. दोन मोटारी, एक पट्टा, कपॅसिटर, चावीचे टायमर, ब्रेकची तार, पाणी सोडायचा व्हॉल्व्ह. छत्रपती संभाजीनगरजवळच्या चितेगावच्या कारखान्यातली व्हिडिओकॉनची मशीनं घराघरांत होती, तेव्हा त्यांचा कुठलाही भाग गावातल्या दुकानात मिळायचा. मोटार नुसती घुमतेय आणि फिरत नाही, तर बहुतेक वेळा कपॅसिटर, म्हणजे मोटारीला सुरुवातीचा जोर देणारा भाग, गेलेला असतो. जळक्या रबराचा वास येतोय तर पट्टा घसरतोय. सुकवायच्या टबाखालून पाणी गळतंय तर तिथलं रबरी सील फाटलंय. यातलं कुठलंच काम घरमालकाच्या खिशाला जड जात नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी गावभागात शिरलं. पूर ओसरल्यावर गाळानं भरलेली मशीनं दारादारांत पडलेली. सेमी ऑटोमॅटिकच्या मोटारी आम्ही काढल्या, धुतल्या, उन्हात वाळवल्या, वाइंडिंगला, म्हणजे आतल्या तारेच्या वेढ्यांना, वॉर्निश मारलं, बेअरिंगं बदलली, आणि त्यातली बरीच परत फिरली. फुल ऑटोमॅटिकचं तसं झालं नाही. त्यांच्या इलेक्ट्रॉनिक बोर्डावर राळेचा थर असतो, त्यामुळं बोर्ड वरून धडधाकट दिसायचा. पण जोडण्यांच्या पिना हिरव्या पडलेल्या, आणि नवा बोर्ड मागवावा तर त्या मॉडेलचा मिळत नव्हता. मशीनचा ड्रम, मोटार, बॉडी सगळं चांगलं असताना ते भंगारात देताना वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी बघितलंय.

तरी जुनं ते सोनं असं मी म्हणणार नाही. जुन्या पत्र्याच्या बॉडीचा तळ गंजून पार जाळी व्हायचा. खालची चकती फिरली की साड्यांना पीळ पडायचा, ओढण्यांच्या गाठी व्हायच्या. आणि धुणाऱ्या बाईला तासभर मशीनपाशी उभं राहावं लागायचं, हा खर्च कुणी मोजला नाही.

फ्रंट लोडमध्ये, म्हणजे समोर दार असलेल्या मशीनमध्ये, ड्रम आडवा असतो. कपडे वर उचलले जातात आणि पाण्यात पडतात, त्यामुळं थोड्या पाण्यात काम भागतं. ७ किलोचं मशीन एका धुण्याला साधारण ५० ते ७० लिटर पाणी घेतं. तेवढ्याच कपड्यांना फुल ऑटोमॅटिक टॉप लोड १०० लिटरच्या वर जातं. पिळणंही चांगलं, मिनिटाला १००० ते १४०० फेरे. टॉप लोड ७०० च्या आसपास असतं. सेमीचा सुकवायचा टब १३०० च्या आसपास फिरतो, पण त्याचा घेर लहान असतो, म्हणून नुसत्या फेऱ्यांच्या आकड्यावर जाऊ नका. पाण्याची बचत सेमीतही होते, ती बाईच्या हातात असते. आधी पांढरे, मग रंगीत, शेवटी पायपुसणी, असं एकाच साबणाच्या पाण्यात तीन घाणे काढणाऱ्या काकू मला माहीत आहेत. टँकरवर जगणाऱ्या घरानं याचा जरूर विचार करावा.

घ्यायच्या आधी घरात बघायच्या गोष्टी

पहिली गोष्ट पाण्याचा जोर. बहुतेक फ्रंट लोडना ०.३ बार दाब लागतो, म्हणजे टाकीचा तळ नळापासून निदान दहा फूट उंच हवा. टाकीच्या थेट खालच्या मजल्यावर राहणाऱ्यांची तक्रार नेहमीची असते, मशीन पाणी भरताना थांबतं आणि पडद्यावर एरर दाखवतं. तपासायला सोपं आहे. जिथं मशीन लावणार त्या नळाखाली दहा लिटरची बादली ठेवा. सव्वा मिनिटात भरली तर काळजी नाही. नाही भरली तर प्रेशर पंपाचा खर्च किमतीत धरा, नाहीतर सेमी घ्या, त्यात बादलीनंही पाणी ओतता येतं.

दुसरी गोष्ट बोअरचं पाणी. गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसत असेल, साबणाला फेस येत नसेल, तर पाणी जड आहे. तोच थर मशीनच्या हीटरवर बसतो. हीटर आधी जास्त वीज खातो आणि एक दिवस जातो.

तिसरी गोष्ट अर्थिंग. मोरीत ओल्या फरशीवर मशीन चालवणार असाल तर आधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. दोन पिनांच्या एक्स्टेन्शनवर वॉशिंग मशीन कधीही चालवू नका.

दुकानात काय विचारायचं

बाहेरचा रंग, काचेचं झाकण, मोबाइलवरून चालू करायची सोय हे सगळं नंतर बघा. आधी विक्रेत्याला मशीन भिंतीपासून पुढं घ्यायला लावा आणि पाठ बघा. पाठीला स्क्रूनं बसवलेलं झाकण आहे का? खाली तळ बंद आहे का उघडा? तळ उघडा असेल तर उंदीर शिरणार, वायरी कुरतडणार. जाळी लावून घ्यावी लागेल.

मग खरा प्रश्न, आणि हा विक्रेत्यापेक्षा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा: आतला मोठा टब स्क्रूचा आहे का वेल्डचा? फ्रंट लोडमध्ये स्टीलचा ड्रम प्लॅस्टिकच्या बाहेरच्या टबात बसतो. ड्रमच्या मागं दोन बेअरिंगं आणि त्यांच्यापुढं ऑइल सील. सील झिजलं की पाणी बेअरिंगपर्यंत पोचतं, आतलं ग्रीस धुऊन जातं, आणि पिळताना विमान उठल्यासारखा आवाज सुरू होतो. बेअरिंगं ६२०५, ६२०६ अशा नंबरांची असतात, मोटारसायकलच्या स्पेअरच्या दुकानातसुद्धा मिळतात, किंमत शेकड्यांत. टब दोन तुकड्यांचा, कडेनं स्क्रू लावलेला असेल तर अर्ध्या दिवसात काम होतं. पण कारखान्यातच दोन्ही तुकडे वितळवून चिकटवले असतील तर बेअरिंगपर्यंत पोचायची वाटच नसते. मग अख्खा टब आणि ड्रम बदलायला सांगतात आणि गिऱ्हाईक नव्या मशीनचा भाव विचारतं. काही कारागीर करवतीनं टब कापून, भोकं पाडून, सिलिकॉन भरून परत जोडतात. मीही जोडलेत. पण ते काम वेळखाऊ आहे आणि गळणार नाही याची खात्री कुणी देऊ शकत नाही.

उत्तर तोंडी घेऊ नका. ई-मेलवर किंवा व्हॉट्सॲपवर मागा.

वॉरंटीचा कागद नीट वाचा. "मोटारीवर १० वर्षं" हे मोठ्या अक्षरांत असतं. आताच्या इन्व्हर्टर मोटारी क्वचितच जातात. जातो तो बोर्ड, पंप, बेअरिंग, दाराचं रबर, आणि त्यांची वॉरंटी पुष्कळदा दोन वर्षांतच संपते. मोटारीच्या वॉरंटीतही येण्याजाण्याचा आणि मजुरीचा खर्च धरलाय का, ते बघा. दोन मॉडेलांत अडला असाल तर पूर्ण मशीनची वॉरंटी ज्याची जास्त, ते घ्या. सेमी घेत असाल तर मोटार तांब्याच्या वाइंडिंगची आहे का, ते विचारा. हल्ली ॲल्युमिनियमची वाइंडिंगं येतात, ती तापली की लवकर जातात आणि रिवाइंड करणारेही त्यांना हात लावायला तयार नसतात.

वीजबचतीच्या स्टारचं लेबल २०१९ पासून वॉशिंग मशीनवर येऊ लागलं. त्यावर विजेबरोबर पाण्याचाही आकडा असतो, तो वाचा. मशीन किती वर्षं टिकेल हे त्या लेबलवरून कळत नाही. युरोपात १ मार्च २०२१ पासून वॉशिंग मशीनचे सुटे भाग निदान १० वर्षं देणं कंपन्यांवर बंधनकारक आहे, पण तिथंही ड्रम आणि बेअरिंग एकत्र विकायला मुभा आहे. आपल्याकडं डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारनं दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. खरेदीआधी त्यावर आपल्या कंपनीचं पान बघा आणि सुटे भाग किती वर्षं मिळतील हे सर्व्हिस सेंटरला विचारा. चार गिऱ्हाइकांनी विचारलं की सर्व्हिस सेंटरला उत्तर शोधावं लागतं.

मशीन घरी आल्यावर

फ्रंट लोडच्या पाठीला तीन-चार लांब बोल्ट असतात. वाहतुकीत ड्रम हलू नये म्हणून ते लावलेले असतात. पहिलं धुणं लावण्याआधी ते काढायलाच हवेत, नाहीतर मशीन घरभर चालत सुटतं आणि शॉकॲब्सॉर्बर तुटतात. काढलेले बोल्ट पिशवीत बांधून मशीनच्या पाठीलाच चिकटवून ठेवा, घर बदलताना परत लागतात. मशीन घट्ट फरशीवर ठेवा, वर पाणसळ ठेवून चारही पाय टेकवून घ्या, आणि पायांचे नट आवळा. चाकांचे प्लॅस्टिकचे स्टँड मला अजिबात पसंत नाहीत.

साबण कमी घाला. हे मी प्रत्येक घरात सांगतो. फ्रंट लोडला कमी फेसाची पावडर किंवा लिक्विडच लागतं, हातानं धुवायची पावडर चालत नाही. ड्रमच्या मागं तीन पायांचा ॲल्युमिनियमचा स्पायडर असतो, तोच ड्रमला धरून ठेवतो. जादा साबणाचा चिकट थर त्याच्यावर साचतो, शेजारी स्टीलचा ड्रम आणि कायमची ओल. ॲल्युमिनियम आतून खाल्लं जातं, पांढरी भुकटी होते, आणि एक दिवस जड चादरी पिळताना स्पायडरचा पाय तुटतो. उघडून बघितलेल्या तुटक्या स्पायडरवर साबणाचं बोटभर लिंपण असतं. अर्ध्या ड्रमच्या कपड्यांना दोन चमचे पावडर पुष्कळ झाली. महिन्यातून एकदा तरी ६० अंशांवर रिकामं धुणं लावा म्हणजे तो थर सुटतो. गार पाण्यात हे होत नाही.

पाणी जड असेल तर दोन-तीन महिन्यांनी १०० ग्रॅम लिंबूसत ड्रममध्ये टाकून असंच गरम धुणं लावा, आत एकही कपडा नको. लिंबूसत आणि ब्लीच कधीही एकत्र वापरू नका, विषारी वायू तयार होतो.

फ्रंट लोडच्या पुढच्या बाजूला खाली कोपऱ्यात छोटं झाकण असतं, त्यामागं पंपाचा फिल्टर. प्लग काढा, पसरट ताट ठेवा, आधी छोट्या नळीतून पाणी सोडा, मग फिल्टर डावीकडं फिरवून काढा. सुट्टे पैसे, सेफ्टी पिना, टिकल्या, पोरांचे पायमोजे, सगळं तिथं सापडतं. पंप गेला म्हणून बोलावतात त्यातले बरेच कॉल एवढ्यावरच मिटतात. पाण्याची नळी मशीनला जिथं जोडली जाते तिथंही बारीक जाळी असते. पावसाळ्यात कृष्णेचं गढूळ पाणी येऊ लागलं की ती भरते. नळ बंद करून, पक्कडीनं जाळी ओढून ब्रशनं धुतली की झालं.

धुणं झालं की दाराचं रबर फडक्यानं पुसा आणि दार उघडं ठेवा. ड्रम भरताना वर तळहात उभा बसेल एवढी जागा सोडा. एकटी जड वस्तू टाकू नका. आणि वाकळ तर कुठल्याच मशीनमध्ये घालू नका. भिजली की तिचं वजन ड्रमच्या एकाच बाजूला पडतं आणि बेअरिंगवर येतं.

दुरुस्ती का नवं?

मशीन सात-आठ वर्षांच्या पुढं गेलंय आणि दुरुस्तीचा खर्च नव्याच्या किमतीच्या एक तृतीयांशाहून जास्त सांगितलाय, तर नवं घ्यायला माझी ना नाही. पण बोर्ड गेला असं कुणी म्हणालं, तर बोर्ड बदलण्याआधी तो बोर्ड दुरुस्त करणाऱ्याला दाखवा. पुष्कळदा त्यावरचा एक रिले किंवा ट्रायॅक, म्हणजे वीज चालू-बंद करणारा छोटा भाग, गेलेला असतो, आणि राळ खरवडून तो बदलणारी पोरं आता जिल्ह्याच्या गावांत आहेत. बदललेला जुना भाग मागून घ्या, तो तुमचाच असतो. पिळताना आवाज नुकता सुरू झाला असेल तर लगेच दाखवा. त्या वेळी बहुधा नुसतं सील आणि बेअरिंग लागतं, सहा महिने तसंच चालवलं तर शाफ्ट, म्हणजे ड्रमचा दांडा, खराब होतो. सेमी ऑटोमॅटिक असेल तर बॉडी शाबूत आहे तोवर दुरुस्त करत राहा. एक्स्चेंजमध्ये तिचे जेमतेम पैसे येतात, आणि तेवढ्यात तिला नवा पट्टा, नवा कपॅसिटर आणि नवं सील बसतं.