लेपर्ड गेकोचं पिल्लू आणताय? आधी या चुका टाळा

"पिल्लू काहीच खात नाही, काय करू?" असं लेपर्ड गेको ही पाल पाळणाऱ्या कुणी विचारलं की मी उलट विचारतो, काचेच्या टाकीतल्या ऊबदार बाजूच्या फरशीचं तापमान किती? उत्तर ठरलेलं: "काचेवरचा थर्मामीटर तीस दाखवतोय."

अहो, तो गोल स्टिकर काचेचं तापमान सांगतो. या गेकोच्या बोटांना घरच्या पालीसारख्या चिकट गाद्या नसतात, तो काचेवर चढणार कसा? तो फरशीला पोट टेकून ऊब घेतो आणि त्याच उबेवर खाल्लेलं पचवतो.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. माझ्या पहिल्या पिल्लाला मीच भाजलंय. हीट मॅट, म्हणजे टाकीला ऊब देणारी विजेची चटई, थेट प्लगला लावली, तिची उष्णता आवरणारा थर्मोस्टॅट "पुढच्या महिन्यात बघू" म्हणून टाळला. स्टिकर २९ दाखवायचा, मी खूश. पिल्लू मात्र सारखं थंड बाजूला, पाण्याच्या वाटीला चिकटून. मला वाटायचं, तहान लागत असेल! चौथ्या दिवशी सफाईसाठी त्याची लपायची गुहा उचलली, फरशीला हात टेकला आणि झटकन मागे घेतला. मोजलं तर ४४ अंश. पिल्लाला उलटं करून पाहिलं, पोटावर नखाएवढा लाल चट्टा. तीन आठवडे मलम लावत बसलो. वाचलं बिचारं.

तेव्हापासून थर्मोस्टॅट आधी, मॅट नंतर. गुहेतल्या फरशीवर ३१ ते ३३ अंश, थंड बाजूला २४ ते २६. रिकामी टाकी दोन दिवस चालवतो, सकाळ-संध्याकाळ आकडे वहीत लिहितो, मगच पिल्लू आत जातं. प्रोब, म्हणजे थर्मोस्टॅटचं तापमान मोजणारं टोक, बसवताना टाकीच्या आत चिकटपट्टी वापरू नका. पिल्लू तिला चिकटलं तर कातडी सोलवटते.

वाळू नको. "कॅल्शियमची आहे, पचते" असं पाकिटावर लिहिलेलं असलं तरी नको. किड्याबरोबर पोटात जाते आणि आतड्यात साचते. किचन पेपर दिसायला भिकार, पण विष्ठा लगेच दिसते.

सोबत म्हणून दुसरं पिल्लू त्याच टाकीत? अजिबात नाही. रात्री लाल दिवा? तोही नाही.

खायला द्यायचा रातकिडा पिल्लाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नसावा. उरलेले रातकिडे रात्रीच काढा, नाहीतर तेच पिल्लाला चावतात. कॅल्शियमची पावडर विसरलात तर जबडा मऊ पडतो, पाय वाकतात.

ओल्या मॉसची (शेवाळाची) एक दमट गुहा हवीच. कात टाकून झाली की मी टॉर्च घेऊन एकेक बोट बघतो. बोटावर कातीचं कडं राहिलं की रक्त अडतं आणि बोट गळून पडतं. कोरडी कात ओढू नका. ओलसर डब्यात पंधरा-वीस मिनिटं ठेवा, मग ओल्या कापसाच्या काडीने हळूच सोडवा.

आता हौशी मंडळींबद्दल. एका ओळखीच्याने पहिल्याच संध्याकाळी पाहुण्यांना दाखवायला टाकीत वरून पंजा घातला. वरून झडप घालणारा त्या जिवाच्या लेखी शिकारीच! पुढच्या क्षणी शेपूट तळाशी वळवळत होती आणि पिल्लू गुहेत. शेपूट परत येते, पण बोथट, बुटकी. आणि शेपटीत साठवलेली चरबी गेली ती गेलीच. पंधरा-वीस वर्षं जगणारा प्राणी आणलाय ना, मग दोन आठवडे हात आवरायला काय जातं?

एवढं करूनही खात नसेल तर वजन करा. माझ्याकडे ग्रॅममध्ये मोजणारा काटा, प्लास्टिकचा डबा आणि तीच वही आहे. दर रविवारी नोंद. वजन टिकून असेल तर नव्या घरात काही दिवसांचा उपास चालतो. घसरत असेल किंवा शेपूट बारीक होत असेल, तर सरपटणाऱ्या प्राण्यांचं कळणारा पशुवैद्य गाठा, आणि जाताना ताजी विष्ठा डबीत घेऊन जा.