सायकलवाटेवरचे पाणी पावसाळ्याआधीच वळवा

नागपूरच्या आसपासच्या टेकड्यांवर माउंटन बाइकची वाट राखणाऱ्या स्वयंसेवकांनी जूनच्या मध्यापूर्वी एक काम आवर्जून उरकावे, ते म्हणजे वाटेवर पाणी साचू न देण्याची सोय. काळी माती पावसात फुगते, चाकांना चिकटते आणि एकदा तिच्यात खोल चाकोरी पडली की पुढच्या प्रत्येक सरीचे पाणी त्याच चाकोरीतून धावून वाट खरवडत नेते. म्हणून वाटेचा पृष्ठभाग उताराच्या बाजूला साधारण 5 टक्के कलता ठेवावा आणि वाटेचा चढ डोंगरउताराच्या निम्म्याहून अधिक होऊ देऊ नये. डोंगरउतार 16 टक्के असेल, तर वाटेचा चढ 8 टक्क्यांच्या आत असावा. लांब उतरणीवर मध्येमध्ये वाट थोडी खाली नेऊन पुन्हा वर उचलावी, म्हणजे पाणी त्या खोलगट जागी बाहेर पडते. तिथे साचलेला गाळ आणि पालापाचोळा फावड्याने नियमित काढावा, कारण अनेक वाटा याच दुर्लक्षामुळे बिघडतात. काळ्या मातीच्या पट्ट्यात कुजकी माती खरवडून मगच मुरूम पसरावा आणि तो ओलसर असताना धुमसाने ठोकावा. पावसानंतर चाकाचा ठसा खोल उमटत असेल, तर त्या दिवशी सायकल चालवणे टाळावे. वन विभागाच्या जागेत कुदळ चालवण्याआधी लेखी परवानगी अवश्य घ्यावी.