स्टेंट बसवल्यावर रक्त पातळ करणारी गोळी चुकवू नका

अँजिओप्लास्टीनंतर छातीत दुखायचं थांबतं आणि गोळ्या नकोशा वाटू लागतात. धोका इथेच आहे. स्टेंट म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणारी धातूची जाळीदार नळी. तिच्या धातूवर रक्तवाहिनीचं अस्तर चढायला काही महिने लागतात. तोवर प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या पेशी) त्यावर चिकटून गुठळी झाली, तर रक्तवाहिनी अचानक बंद होऊन मोठा हार्ट अटॅक येतो. म्हणून ॲस्पिरिनच्या जोडीला क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलॉर देतात. अटॅकनंतर साधारण 12 महिने, इतरांना बहुधा 6. मुदत मात्र तुमचे हृदयरोगतज्ज्ञच ठरवतील.

टिकाग्रेलॉर 90 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा असते आणि संध्याकाळचीच गोळी जास्त विसरली जाते. मोबाइलवर दोन गजर लावा. एखादी राहिलीच, तर पुढची ठरल्या वेळी एकच घ्या, दोन एकदम नकोत. या गोळीने काहींना धाप लागते. परस्पर बंद न करता डॉक्टरांना लगेच कळवा. उपवासालाही गोळी पाण्यासोबत घ्यायचीच.

स्ट्रिपवरचे घटक वाचा. एकत्रित कॅप्सूलमध्ये ॲस्पिरिन असताना वेगळी ॲस्पिरिनही चालू राहिली, तर डोस दुप्पट होतो. दात काढायचा असेल तर दंतवैद्यांना स्टेंटची तारीख सांगा. गोळी थांबवायची की नाही, हे हृदयरोगतज्ज्ञांनाच विचारा. अंगदुखीवर आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक मनाने घेऊ नका. क्लोपिडोग्रेल चालू असेल तर ॲसिडिटीवरचं ओमेप्राझोलही टाळा. शौच डांबरासारखी काळी झाली, तर पोटात रक्तस्राव होत असू शकतो; त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आठवड्याच्या गोळ्या उरल्या की नवी स्ट्रिप आणा.