सड्यावर विमान उडवायला शिकवणाऱ्यांचे आभार कसे मानावेत

रिमोटवर चालणारी छोटी विमाने उडवायला आपल्या कोकणात जे शिकवतात, ते बहुधा फी न घेता, केवळ आवडीपोटी शिकवतात. त्यांचे आभार मानायचे असतील, तर ते आपल्यासाठी काय सोडतात हे आधी ओळखले पाहिजे. दिवस चढून जमीन तापली, की समुद्रावरून खारे वारे सुरू होतात आणि हलके विमान नवशिक्याला आवरत नाही. त्यामुळे सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, शिकण्याजोगी शांत हवा उजाडल्यापासून साधारण दहापर्यंतच मिळते, आणि पावसाळ्यात तीही मिळत नाही. या मोजक्या वेळात आपण शिकत असतो, तेव्हा सरांचे स्वतःचे विमान गाडीतच पडून असते.

म्हणून त्यांचा वेळ वाया न घालवणे, हे मी सर्वांत आधी सांगेन. विमानाची लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी रात्रीच प्रत्येक सेलमागे 4.2 व्होल्टपर्यंत चार्ज करावी, स्क्रू घरीच तपासावेत आणि सरांच्या आधी सड्यावर पोहोचावे. आपली दोन उड्डाणे झाली, की "सर, आता तुमचे विमान काढा, मी मदतीला थांबतो," असे म्हणावे आणि खरोखरच थांबावे. ते उडवत असताना वेळ मोजावी, कोणी माणूस किंवा गुरे मध्ये येत असल्यास सांगावे आणि शेवटी त्यांच्या विमानावरची तांबडी धूळ व खार ओलसर फडक्याने पुसून द्यावी.

तोंडी आभार मानताना नेमका प्रसंग सांगावा. दोन रिमोट जोडून शिकवताना सरांनी स्वतःच्या रिमोटवरची स्प्रिंगची कळ ओढून धरलेली असते, तोवरच विमान आपल्या ताब्यात असते. सुरुवातीला एकदा विमान माझ्याच दिशेने येत असताना माझे डावे-उजवे उलटे झाले आणि ते जांभ्याच्या गडग्याकडे घसरू लागले. सरांनी न बोलता बोट सोडले, विमान सावरून उंचीवर नेले, कळ पुन्हा ओढली आणि "घे" एवढेच म्हणाले. विमान उतरल्यावर त्यांच्या बोटावर कळीचा खोल वळ दिसला. पुढे "समोरून येताना जो पंख झुकेल, त्याच बाजूला स्टिक न्यायची, हे तुमच्यामुळे हातात बसले," असे मी त्यांना सांगितले, तेव्हा त्यांचा चेहरा खुलला.

पैशांचे पाकीट शक्यतो देऊ नये, त्याने माणूस अवघडतो. त्याऐवजी त्यांच्या प्रॉपेलरवर छापलेला आकडा पाहून त्याच मापाचे दोन प्रॉपेलर आणावेत. घरचे घावणे-चटणी, कोकम सरबत किंवा कलमांवरचा हापूस मात्र निःसंकोच न्यावा, कारण रविवारची सकाळ त्यांच्या घरच्यांनीही आपल्याला दिलेली असते. त्यांचे विमान आपल्या हातून मोडले, तर चूक लगेच कबूल करावी आणि सुटा भाग त्यांनी मागण्याआधी मागवावा.

पावसानंतर सड्यावर गवत माजते आणि त्यात विमानाची चाके अडकतात. धावपट्टीपुरते ते कापणे आणि सुटे दगड वेचणे, हे काम बहुतेक ठिकाणी शिकवणाऱ्यांवरच पडते. दसऱ्याच्या सुमारास चार-पाच शिकाऊंनी मिळून, त्यांचा निरोप येण्याची वाट न पाहता, कोयती घेऊन सडा गाठावा.