मुलाखतीत कंपनीचीही परीक्षा घ्या

मुलाखतीत एक प्रश्न आवर्जून विचारा : "ही जागा रिकामी का झाली?" नवी जागा असेल तर तसं सरळ सांगतात. पण समोरचे दोघं एकमेकांकडे बघू लागले, किंवा आधीच्या माणसाची उणीदुणी काढायला लागले, तर कान टवकारा. उद्या तुमच्याबद्दलही असंच बोलतील.

मग पगार. "सीटीसी सहा लाख", म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च सहा लाख, हे ऐकून हुरळून जाऊ नका. दरमहा हातात किती पडणार, ते कागदावर मांडून मागा. सीटीसीत बहुतेक ठिकाणी कंपनीचा पीएफचा वाटा, ग्रॅच्युइटी आणि मिळेल-न मिळेल असा व्हेरिएबल पे, सगळंच धरलेलं असतं. पीएफचा विषय काढल्यावर "ते नंतर बघू" असं उत्तर आलं तर खटकायला हवं. २० किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या बहुतेक आस्थापनांना पीएफ लागू असतो. कंपनीच्या वाट्याचा सर्वसाधारण दर १२ टक्के. पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या, म्हणजे ईपीएफओच्या साइटवर कंपनीचं नाव टाकून नोंदणी आहे का, हे घरबसल्या तपासता येतं. मुलाखतीच्या आदल्या रात्रीच तपासा.

"आम्ही सगळे एक कुटुंब आहोत" असं कोणी म्हणालं, की मी लगेच ऑफिस सुटायची वेळ विचारतो. उत्तरापेक्षा चेहरे जास्त बोलतात.

आणि मूळ मार्कशीट जमा करा, ट्रेनिंगचं डिपॉझिट भरा, ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा बाँड रुजू झाल्यावर दाखवू, यातलं काहीही कानावर आलं तर घरी जाऊन विचार करायचीही गरज नाही. चहा आला असेल तर तेवढा पिऊन उठा.