गाभण गाय चरबीने फुगली आहे? या चुका टाळा

गोव्यात वाळपईजवळच्या एका गोठ्यातून गेल्या पावसाळ्यात बोलावणे आले आणि मी पोहोचेपर्यंत गाय गेलेली होती. संकरित जर्सी, तिसरे वेत, विऊन आठ दिवस झालेले. "डॉक्टर, माशी बसली तर घसरेल अशी तुकतुकीत होती हो माझी गाय," काकी पुन्हा पुन्हा सांगत होत्या. पोट उघडले तर यकृत पिवळे, सुजलेले, बोटाने दाबले की खड्डा पडावा इतके मऊ. त्याचा सुपारीएवढा तुकडा कापून बादलीतल्या पाण्यात टाकला, तर तो तरंगला. निरोगी यकृताचा तुकडा तळाला जातो. काकी बराच वेळ त्या बादलीकडे बघत उभ्या राहिल्या.

सत्तरी, डिचोली, पेडणे भागात फिरताना यकृतात चरबी साठण्याचे हे दुखणे मला वारंवार भेटते. गाय विते आणि त्यानंतर वार अडकते, खाणे सुटते, दूध चढत नाही, गर्भाशयात पू होतो. आपण एकेका दुखण्यावर उपचार करत बसतो. मूळ मात्र चार-सहा महिने आधी तिच्या अंगावर चढलेल्या चरबीत असते.

पहिली चूक : चरबीला शिदोरी समजणे

"अंगावर असलं तर व्याल्यावर कामाला येईल" हे मी जवळजवळ प्रत्येक गोठ्यात ऐकतो. थोड्या चरबीबाबत ते खरेही आहे. पण चरबी हा जिवंत अवयव आहे. तिची प्रत्येक पेशी म्हणजे भाताची कणगी समजा. खाणे जास्त झाले की कणगी भरते, फुगते. फुगलेल्या पेशीपर्यंत रक्त आणि प्राणवायू पुरेसा पोहोचत नाही. ती आजारते, कधी फुटते, आणि तो कचरा उचलायला रक्तातल्या भक्षक पेशी तिथे जमतात. त्या दाह वाढवणारी रसायने सोडतात. बाहेरून ना ताप दिसतो, ना सूज. आत मात्र विस्तव धुमसत असतो.

याच जागी पेशींचे म्हातारपण सुरू होते. सतत ताण पडलेली पेशी विभागणे थांबवते, पण मरत नाही. तिच्यातली पी-१६, पी-२१ ही प्रथिने विभाजनाला ब्रेक लावून ठेवतात. पेशी अशा थकतात हे १९६१ मध्ये माणसाच्या पेशींवर प्रयोगशाळेत दिसले होते. थकलेली पेशी गप्प बसली असती तर बिघडले नसते, पण ती शेजारच्या पेशींवर दाहाची रसायने ओतत राहते आणि त्यांनाही आपल्यासारखे करते. नव्या कणग्या विणणाऱ्या तरुण पेशीच थकल्या की जुन्या कणग्या आणखी फुगतात आणि जास्तीची चरबी यकृताकडे वळते. हे सगळे उंदरांत आणि माणसांत अधिक बारकाईने पाहिले गेले आहे. गायींतही, विण्याच्या सुमारास चरबी झपाट्याने वितळते तेव्हा, तिथे भक्षक पेशी गोळा झालेल्या आढळल्या आहेत.

दाहाने भरलेली चरबी इन्सुलिनचे ऐकत नाही. वितळू नकोस असे सांगितले तरी ती वितळतच राहते. त्यात जाड गाय विण्याच्या आसपास आधीच कमी खाते आणि दूध मात्र वाढत असते. वितळलेल्या चरबीतून सुटणाऱ्या मेदाम्लांचा रक्तात लोंढा येतो. गायीचे यकृत चरबी बाहेर पाठवण्यात मुळातच मंद असल्यामुळे ती तिथेच साठते. बादलीतला तुकडा तरंगला तो यामुळे.

दुसरी चूक : डोळ्यांनी अंदाज करणे

हात लावा. गायीच्या मागे उभे राहा, शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना बोटे दाबा. तिथे उथळ खळगा लागला आणि कमरेच्या आडव्या हाडांची टोके थोड्या दाबाने कळली, तर गाय १ (हडकुळी) ते ५ (फार जाड) या मापात ३ च्या आसपास आहे. विताना ३ ते ३.५ चांगले. खळगा बुजून चरबीच्या वळ्या लागत असतील आणि जोर लावूनही हाडे सापडत नसतील, तर ती ४ किंवा त्याहून वर गेली. हे माप एकट्या विण्याच्या वेळी घेऊन उपयोग नाही. दूध उतरू लागले की एकदा घ्या, आटवताना, म्हणजे विण्याआधी दूध बंद करताना, पुन्हा घ्या. आपली गोव्याची देशी, पांढरीशुभ्र श्वेतकपिला गाय अंगाने लहान असते. तिच्याशेजारी संकरित गायीचा अंदाज नेहमी चुकतो. पोटातली चरबी हाताला लागत नाही हेही ध्यानात असू द्या.

तिसरी चूक : माज चुकला तरी आंबोण (खुराक) तेवढेच

माझ्या मते गोव्यातल्या जाड गायींचे सर्वांत मोठे कारण हेच. दमट उकाड्यात माजाची लक्षणे दबतात, बरीचशी रात्री दिसतात आणि आपण झोपलेले असतो. एक माज चुकला की गाय भरवायचे २१ दिवस गेले. असे चार चुकले की गाय तीन लिटरवर येते, पण आंबोण दहा लिटरच्या हिशेबाचेच चालू राहते. वर खोबऱ्याची पेंड, बेकरीतले उरलेले पाव, घरची पेज, आणि एप्रिलमध्ये काजूच्या बोंडांचा चोथा. पावसात तर जून ते सप्टेंबर ती दाव्यालाच बांधलेली. पहाटे आणि रात्री झोपण्यापूर्वी गोठ्यात एक फेरी मारा. सोट (माजाचा चिकट स्राव) आणि ओरडणे टिपून ठेवा. खुराक दुधाच्या मापाने कमी करा. गोरवांच्या पाडव्याला प्रेमाने एखादा घास जास्त गेला तर काही बिघडत नाही. रोजचे बिघडवते.

चौथी चूक, आणि ही जीव घेते : आटवल्यावर उपाशी ठेवणे

गाय जाड आहे हे उशिरा कळले की काही जण शेवटच्या दोन महिन्यांत तिचा चारा तोडतात. याने जी चरबी व्याल्यानंतर सुटणार ती आताच सुटते आणि वासरू पोटात असतानाच यकृत भरू लागते. वजन उतरवायचे ते दूध चालू असताना, सावकाश. एकदा आटवली की आहे ते अंग तसेच टिकवा. पोटभर पेंढा, थोडे हिरवे, खनिज मिश्रण, मोजका खुराक. विण्याआधीच्या तीन आठवड्यांत खुराक हळूहळू वाढवा आणि गव्हाण रिकामी पडू देऊ नका.

दाह आहे म्हणून दुकानातून वेदनाशामक आणून टोचू नका. डायक्लोफेनॅक जनावरांसाठी २००६ पासून, आणि केटोप्रोफेन व असेक्लोफेनॅक २०२३ पासून बंद आहेत, कारण ही औषधे दिलेले मेलेले जनावर खाऊन गिधाडे मरतात. थकलेल्या पेशी मारणाऱ्या औषधांवर संशोधन चालू आहे, पण गोठ्यात वापरता येईल असे आज त्यात काही नाही.

गाय जाडच राहिली आणि विणार आहे, तर

व्याल्यापासून दहा दिवस सकाळ-संध्याकाळ तिच्यापाशी उभे राहा. किटोसिस म्हणजे चरबी जास्त वितळून रक्तात किटोन नावाचे पदार्थ साचणे. अशी गाय आधी खुराक सोडते आणि पेंढा चघळत राहते, त्यामुळे "खाते आहे की" असे वाटून आपण फसतो. तोंडाजवळ नाक नेले तर पिकल्या फळासारखा, नेलपॉलिश काढायच्या पाण्यासारखा गोडसर वास येतो. सर्वांना तो येत नाही, तेव्हा घरातल्या दोघांनी घेऊन बघा. बारा तासांत वार पडली नाही किंवा खुराक उरला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा. रक्ताच्या एका थेंबावर किटोन मोजता येतात. लिटरमागे १.२ मिलिमोलच्या वर गेले तर प्रोपिलिन ग्लायकॉल हे अंगात साखर तयार व्हायला मदत करणारे द्रव औषध दिवसाला सुमारे ३०० मिली, तीन ते पाच दिवस पाजतात. पाजताना मान फार वर धरू नका, औषध फुप्फुसात जाते.

काकींकडे आता दुसरी गाय आहे, सहा महिन्यांची गाभण. परवा गेलो तेव्हा त्यांनी माझ्याआधी शेपटीच्या मुळाशी बोटे दाबली आणि म्हणाल्या, "अजून खळगा लागतो. पाव बंद केलेत."